दुसरी गोळी टाकण्याआधी थांब

लेकरा, पहिल्याच आठवड्यात द्रवात गोळी सोडून, तिच्या पडण्याच्या वेगाला स्टोक्सचं 1851 चं सूत्र लावून द्रवाचा चिकटपणा काढायला बसलास, म्हणून लिहितोय. ग्लिसरीनला ते सूत्र चालतं. पण आपल्याकडं गुऱ्हाळात मळी वर आणायला रानभेंडीचा जो रस घालतात, तो दोन बोटांत धरून ओढून बघ. तार निघते, सोडली की आखडते. हा द्रव वाहतोही आणि स्प्रिंगसारखा मागेही ओढतो, कारण त्यातले लांबलचक रेणू ताणले जातात आणि पुन्हा गुंडाळायला त्यांना वेळ लागतो.

म्हणून अशा द्रवात सोडलेली स्टीलची गोळी सुरुवातीला जास्त वेग घेते, मग मंदावते; काही द्रावणांत तर क्षणभर वर उसळते. वरच्या वितभर अंतरातला वेग धरूच नकोस. गोळीमागचा द्रव उलट वर सरकताना दिसला तर कॅमेऱ्याला दोष देऊ नको, तसं खरंच घडतं, आणि मला अजूनही ते बघत राहावंसं वाटतं.

सगळ्यात जास्त जपायचं ते दोन गोळ्यांमधल्या वेळेला. पहिलीची वाट द्रवात अजून सावरलेली नसते, त्यामुळं लगेच टाकलेली दुसरी जास्त वेगानं पडते. मी घाईत आठवडाभराची मोजमापं अशीच वाया घालवली. आधी पाच मिनिटं, मग दहा, मग वीस थांबून बघ. वेग बदलायचा थांबला की दोन गोळ्यांमध्ये तेवढा वेळ पक्का. नळी गोळीपेक्षा बरीच रुंद घे. आणि एप्रिलमध्ये सकाळचे आकडे दुपारच्यांत मिसळू नको. तापमान दर वेळी लिही.