‘मग आपण नाताळ बंद करायचा का?’

मावशी,
डिसेंबर जवळ आला की माझ्या पोटात गोळा येतो. आम्ही ख्रिस्ती कुटुंब, दर रविवारी चर्चला जाणारं. मुलगा १४ वर्षांचा, मुलगी ८ वर्षांची. दरवर्षी नणंद, तिचे यजमान आणि त्यांची मुलं नाताळला चार दिवस आमच्याकडे असतात. गेल्या वर्षी २४ तारखेला मी रात्री उशिरापर्यंत भेटवस्तूंना कागद लावत बसले. उपासनेला उशिरा पोचलो, मागे उभं राहावं लागलं. मुलगा सगळा वेळ फोनमध्ये. सकाळी भेटी उघडण्याआधी मी सगळ्यांना प्रार्थनेला बसवलं, तर नणंदेचे यजमान म्हणाले, ‘वहिनी, उरका लवकर, पोरं थांबलीत.’ सगळे हसले, माझे यजमानही. मी आत गेले आणि रडत ओरडले, की या घरात येशूच कुणाला नकोय. तेव्हा मुलगी दाराशी येऊन म्हणाली, ‘मग आपण नाताळ बंद करायचा का?’ यंदा मी ठरवलंय: भेटी नाहीत, झाड नाही, पाहुणे नाहीत. फक्त चर्च आणि प्रार्थना. यजमान म्हणतात, तू टोक गाठतेस. माझं चुकतंय का?
– एक आई

प्रिय लेकी,

तुझं दुःख खरं आहे. ज्याच्या जन्मासाठी घर सजवलं, त्याचं नाव घ्यायला पाच मिनिटं मागावी लागली आणि त्यावर आपलीच माणसं हसली, तर रडू येणारच. तुझे यजमान हसले ते चुकलंच. पण यंदा तू जे ठरवलं आहेस ते मला पटलेलं नाही, आणि टोकाचं म्हणतात ते त्यांचं बरोबर आहे.

तुझ्या पत्रात मी अडकले ती मुलीच्या वाक्यापाशी. त्या सकाळी तिनं काय पाहिलं ते जरा तिच्या उंचीवरून बघ. आई प्रार्थनेला बसली, कुणी काही बोललं, आई रडली, येशूचं नाव घेऊन ओरडली. आता यंदा झाड नाही, भेटी नाहीत, आतेभावंडं नाहीत, आणि का म्हणून विचारलं तर उत्तर मिळणार, ‘येशूसाठी’. आठ वर्षांचं पोर यातून काय शिकेल? येशू घरात आला की आनंद घराबाहेर जातो, एवढंच. येशू जन्मला त्या रात्री देवदूतानं मेंढपाळांना दिलेली बातमी मोठ्या आनंदाची होती, आणि ती सगळ्या लोकांसाठी होती. ती बातमी तुझ्या मुलीपर्यंत उलटी पोचू देऊ नकोस.

म्हणून डिसेंबर उजाडायच्या आधी एक काम कर. दोन्ही मुलांना जवळ बसव आणि सांग, की गेल्या वर्षी मी ओरडले ते माझं चुकलं, मी थकले होते आणि मला वाईट वाटलं होतं. ‘पण’ लावून पुढे काही जोडू नकोस. आईनं मुलांपुढे चूक कबूल केली तर ती लहान होते असं काहींना वाटतं. माझा अनुभव वेगळा आहे. पश्चात्ताप आणि क्षमा हे शब्द मुलं चर्चमध्ये शंभरदा ऐकतात, घरात ते घडताना एकदा पाहिलं तर त्यांना त्याचा अर्थ कळतो. मग नवऱ्याशी बोल, मुलं झोपल्यावर. त्यांच्या हसण्यानं तुला काय झालं ते सांग. ते त्यांना अजून माहीत नसेल, अशी मला दाट शंका आहे.

आता तुझ्या पाहुण्यांचं. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात दुसऱ्या अध्यायात लिहिलंय, की बाळाला बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं, कारण उतारशाळेत, म्हणजे वाटसरूंच्या मुक्कामाच्या जागी, त्यांना जागा नव्हती. ज्या घराला ही गोष्ट मध्यभागी ठेवायची आहे, त्या घरानं सुरुवातच दार लावून कशी करावी? नणंदेला आणि तिच्या माणसांना येऊ दे. पहिलं बोलावणं मेंढपाळांना गेलं होतं, आणि ते त्या रात्री कळप राखत होते, प्रार्थनेला बसलेले नव्हते. तुझे पाहुणे विश्वासात कुठे उभे आहेत हे तुला मोजायचं नाही. तू त्यांच्यासाठी जागा कर आणि तुझी प्रार्थना कर.

मात्र हेही प्रामाणिकपणे स्वतःला विचार: ती प्रार्थना किती लांब होती, आणि कोणत्या वेळी होती? झाडाखाली भेटी दिसताहेत, पाच-सहा मुलं चुळबुळ करताहेत, आणि मोठी माणसं अर्धवट झोपेतून उठलेली. तेव्हा कुणाचं मन लागणार? लूकमधलं जन्माचं वाचन पहिल्या २० वचनांचं आहे. सावकाश वाचलं तरी चार-पाच मिनिटांत होतं. त्यावर एक छोटी प्रार्थना आणि सगळ्यांना येणारं एक गीत, बस. आणि ते २४ तारखेला संध्याकाळी कर, उपासनेला निघायच्या आधी, सगळे तयार होऊन बाहेरच्या खोलीत जमलेले असताना. नणंदेला आधीच फोन करून सांगून ठेव: ‘निघण्याआधी दहा मिनिटं आपण एकत्र बसणार आहोत, वाचन तुझ्या यजमानांनी करावं असं मला वाटतं.’ हो, त्यांनीच. जो माणूस ‘उरका’ म्हणाला त्याच्या हातात पुस्तक दे. कदाचित नाही म्हणतील, तर नवऱ्यानं वाचावं. पण विचार जरूर, आणि टोमणा म्हणून विचारू नकोस.

आमच्या घरी वडील वाचायचे. ओळीखाली बोट ठेवून, दरवर्षी तोच अध्याय. आम्ही भावंडं एकमेकांना चिमटे काढत असू, लक्ष कुणाचंच नसे. पण ‘उतारशाळा’ हा शब्द मी त्या वाचनाखेरीज कुठेच ऐकला नव्हता, आणि आज तो नुसता डोळ्यांसमोर आला तरी वडिलांचा आवाज ऐकू येतो. मुलं ऐकत नाहीत असं वाटतं तेव्हाही त्यांच्यात काही साठत असतं. तुझा मुलगा फोनमध्ये होता म्हणून त्याला काही ऐकू आलं नाही, असं धरून चालू नकोस.

त्याच्यासाठी मला वेगळं सुचवायचं आहे. १४ वर्षांच्या मुलाला लहान मुलांसारखं ‘बस आणि हात जोड’ म्हटलं तर तो मनानं निघून जातो. त्याला शोधायला काहीतरी दे. मत्तयचे पहिले दोन अध्याय आणि लूकचे पहिले दोन, एवढंच वाचायला सांग, आणि विचार की आपण गोठ्याच्या देखाव्यात मांडतो त्यातलं काय काय इथे लिहिलेलंच नाही. येशूची आई मरीया गाढवावर बसून बेथलेहेमला गेली असं कुठे आहे? नाही. उतारशाळेचा मालक दार लावतो तो प्रसंग? नाही. बाळाला बघायला पूर्वेकडून आलेले ज्ञानी, म्हणजे मागी लोक, तीन होते? भेटी तीन आहेत, सोनं, ऊद आणि गंधरस, माणसांचा आकडा दिलेला नाही. आणि ते गव्हाणीपाशी येत नाहीत, मत्तय म्हणतो की ते घरात आले. मोठ्यांना चुकीत पकडायला मिळालं तर या वयाची मुलं मन लावून वाचतात. वाचता वाचता त्याला हेही सापडेल, की मरीयेचा पती योसेफ याच्या तोंडी अख्ख्या शुभवर्तमानात एकही वाक्य नाही. तो उठतो, निघतो, सांभाळतो. घुम्या मुलाला हा माणूस आवडू शकतो.

तो कदाचित २५ डिसेंबर ही तारीख तरी कुठे लिहिलीय, म्हणून वाद घालेल. घालू दे. ती शास्त्रात नाहीच. रोममध्ये त्या दिवशी ख्रिस्तजन्म पाळल्याची जुनी नोंद इ. स. ३३६ची आहे, आणि जुनं कॅलेंडर पाळणाऱ्या काही पूर्वेकडच्या चर्चेसमध्ये आजही नाताळ ७ जानेवारीला येतो. तारखेवर आपला विश्वास उभा नाही, हे त्याला तुझ्या तोंडून कळू दे. प्रश्न विचारल्यानं आई घाबरत नाही, हे कळणं त्याला पुढे फार उपयोगी पडेल.

झाड ठेव. भेटीही ठेव, फक्त कमी कर, आणि २० तारखेच्या आत त्यांचे कागद लावून मोकळी हो. गेल्या वर्षी तुम्हाला उपासनेला उशीर झाला तो कुणाच्या अविश्वासामुळे नव्हे, त्या कागदांमुळे. भेटींचा तुला एवढा राग का आला आहे ते मला समजतं, पण देण्याची गोष्ट या सणात मुळापासूनच आहे. ज्याच्यावरून पुढे सांताक्लॉज झाला तो निकोलस चौथ्या शतकात मायरा इथला बिशप होता. परंपरा सांगते, की एका गरीब बापाच्या तीन मुलींची लग्नं अडली होती, तर त्यानं रात्री गुपचूप त्यांच्या घरात पैसे टाकले. यातलं ‘गुपचूप’ मुलांना सांग. मग प्रत्येकाची एक भेट घरातल्यांसाठी, आणि एक भेट सगळ्यांनी मिळून अशा कुणासाठी, ज्याला ती कोणाकडून आली हे कधी कळणार नाही. मुलीला हे गुपित पाळायला फार आवडेल. बाळाला मंदिरात नेलं तेव्हा मरीया-योसेफांनी दोन पाखरांचं अर्पण केलं होतं. नियमशास्त्रात ती सवलत कोकरू परवडत नसलेल्यांसाठी होती. प्रभूचं घर गरिबाचं घर होतं, हे मुलांना ठाऊक असायला हवं.

तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे, की त्यात नाताळ एकदम २४ तारखेला सुरू होतो. असं अचानक कुणालाच पोचता येत नाही. चर्चनं म्हणूनच आधीचे चार रविवार राखून ठेवले. या वाट बघण्याच्या दिवसांना आगमनकाळ म्हणतात. त्याचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. तू दोन मुलांची आई आहेस, वाट बघताना घर आणि मन कसं तयार होत जातं हे तुला मी काय सांगू? १८३९मध्ये हॅम्बुर्गला योहान विखर्न नावाचे धर्मशास्त्राचे अभ्यासक अनाथ आणि गरीब मुलांचं घर चालवत होते. मुलं सारखी विचारायची, नाताळाला किती दिवस राहिले. त्यांनी गाडीचं एक जुनं चाक घेतलं आणि त्यावर मेणबत्त्या लावल्या, रविवारच्या चार मोठ्या आणि इतर दिवसांच्या लहान. रोज एक पेटायची आणि उजेड वाढत जायचा. आज चर्चमध्ये चार मेणबत्त्यांचं जे आगमन-चक्र दिसतं, ते तिथून आलं. तू घरी नुसत्या चार मेणबत्त्या ठेव. रविवारी रात्री जेवणाआधी एक पेटवायची, पुढच्या रविवारी दोन. एक वचन, एक वाक्याची प्रार्थना, दोन मिनिटं. पहिल्या आठवड्यात फक्त तू आणि मुलगीच असाल. चालेल.

गव्हाणीही आधीपासून मांड, पण रिकामी. असिसीचा संत फ्रान्सिस यानं १२२३च्या नाताळात इटलीतल्या ग्रेचो गावी गवत भरलेली गव्हाणी आणि खरे बैल-गाढव आणून उपासना केली, कारण त्या बाळाची झालेली अडचण त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायची होती. तुझ्या घरची गव्हाणी २४ तारखेच्या रात्रीपर्यंत रिकामी राहू दे. येता-जाता ती जागा दिसेल. मागी लोकांच्या मूर्ती घराच्या दुसऱ्या टोकाला ठेव, आणि मुलीनं त्यांना रोज थोडं पुढे सरकवायचं, ६ जानेवारीला, त्यांच्या येण्याच्या सणाला, पोचतील असं. यात तुझीही सोय आहे. नाताळ बारा दिवसांचा असतो. २५ची सकाळ पुन्हा गोंधळात गेली, तरी पाहुणे गेल्यावर सणाच्या शांत संध्याकाळी शिल्लक असतील.

आणि आता तू. पत्रात नणंद आहे, तिचे यजमान आहेत, तुझे यजमान, मुलगा, मुलगी, सगळे आहेत. तू स्वतः येशूबरोबर कशी आहेस याबद्दल मात्र एक ओळही नाही. मी हे दोष द्यायला सांगत नाही. मला आठवतं, मीही अनेक वर्षं नाताळ इतरांसाठी उभा केला आणि स्वतः त्यात कधी बसले नाही. मेंढपाळ येऊन गेले, गलबला झाला, आणि लूक सांगतो, मरीयेनं या सगळ्या गोष्टी अंतःकरणात ठेवून त्यांवर मनन केलं. नुकतीच बाळंत झालेली, परक्या गावात, भोवती अनोळखी माणसं, तरी तिनं तेवढं केलं. या डिसेंबरात रोज पंधरा मिनिटं तू तुझी ठेव, घर जागं होण्याआधी. घरच्यांना सुधारायची प्रार्थना त्या वेळात करू नकोस. नुसती त्याच्याजवळ बस.

मुलीच्या प्रश्नाला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही. आज रात्री दे. ‘नाही गं, बंद नाही करायचा’ म्हण, आणि गव्हाणीतलं बाळ एका मऊ कापडात गुंडाळून तिच्या हातात दे, २४ तारखेपर्यंत तिनं जपून ठेवायला.

तुझी,
मावशी