उन्हाळ्यातील कीटक-छायाचित्रण: रुईच्या एका झुडपापासून सुरुवात करावी

एप्रिलमध्ये पुण्याच्या टेकड्या वाळलेल्या असताना कीटक कुठे शोधावेत, आणि त्यांच्या छायाचित्रांसाठी मोबाइल किंवा साधी मॅक्रो लेन्स (अगदी जवळून छायाचित्र घेण्याचे भिंग) पुरेल का, असे आपण विचारले आहे. साधने पुरेशी आहेत. जागेबाबत मात्र माझा आग्रह असा, की दर रविवारी नवे ठिकाण गाठण्यापेक्षा घराजवळच्या पडीक जमिनीवरील रुईचे एकच झुडूप निवडावे आणि तिथेच वारंवार जावे. चैत्र-वैशाखात भोवतालचे गवत करपले, तरी रुई हिरवी आणि फुललेली असते, त्यामुळे तिच्यावर अवलंबून असणारे कीटक एकाच जागी पाहता येतात.

कोवळी पाने उलटून पाहिली, तर बिबळ्या कडवा, म्हणजे प्लेन टायगर या फुलपाखराची सुटी सुटी घातलेली अंडी सापडतात. त्याची अळी काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची असून तिच्या पाठीवर काळ्या, मऊ शिंगांच्या तीन जोड्या असतात. पान खाण्यापूर्वी ती पुष्कळदा त्याची शीर कुरतडून चिकाचा प्रवाह तोडते. ही कृती टिपण्यासाठी अर्धा तास बसावे लागले, तरी जरूर बसावे. चिकातील विषारी द्रव्ये अळी शरीरात साठवते आणि म्हणूनच पक्षी सहसा या फुलपाखराच्या वाटेला जात नाहीत. शेंड्यांवर पिवळा मावा आणि त्याला खाणारे ढालकिडे असतात, पानांवर रंगीत नाकतोडे दिसतात, तर फुलांवर येणाऱ्या मोठ्या काळ्या भुंग्यांच्या पायांना रुईच्या परागकणांचे पुंजके चिकटून जातात.

सूर्योदयानंतरचा पहिला दीड-दोन तासांचा काळ सर्वांत चांगला, कारण ऊन चढेपर्यंत कीटक सुस्त असतात आणि प्रकाशही सौम्य असतो. फार जवळून छायाचित्र घेताना लेन्सचे छिद्र एफ ११ इतके लहान ठेवूनही जेमतेम एक-दोन मिलिमीटरच स्पष्ट येतात, म्हणून कॅमेरा कीटकाच्या अंगाला समांतर धरावा आणि फोकस डोळ्यावर ठेवावा. रुईचा चीक डोळ्यांना गंभीर इजा करतो. पाने हाताळल्यावर डोळे चोळू नयेत. चांगल्या चौकटीसाठी फांदी तोडणे किंवा कीटक फ्रिजमध्ये ठेवून बधिर करणे मला सर्वस्वी अमान्य आहे.

ओळख पटवण्यासाठी पंखांची वरची व खालची अशा दोन्ही बाजू टिपाव्यात, आणि तारखेबरोबर वनस्पतीचे नावही लिहून ठेवावे. डॅनेड एगफ्लाय या दुसऱ्या फुलपाखराची मादी हुबेहूब बिबळ्या कडव्यासारखी दिसते, परंतु बिबळ्याच्या मागच्या पंखाच्या मध्यभागी असणारे काळे ठिपके तिला नसतात. शिवाय तिच्या अळ्या रुईवर नव्हे, तर घोळीसारख्या वनस्पतींवर वाढतात.