सोलापुरात घरच्या घरी, हजार रुपयांच्या आत भूतबंगला कसा करता येईल?

तुम्ही लिहिलंय की अपार्टमेंटमधली पंधरा-वीस मुलं आहेत, वयं ६ ते १३, हाताशी दोन खोल्या आणि एक बोळ, आणि खर्च हजारच्या आत बसवायचाय. आरामात बसेल. सोलापूरच्या पूर्व भागात, म्हणजे मागांच्या, विणकरांच्या वस्तीत, आजीच्या जुन्या घरी मी तीन वर्षं दिवाळीच्या सुट्टीत हे केलंय. शेवटच्या वर्षी ६४० रुपये लागले.

मुखवटे, प्लास्टिकचे सांगाडे, लाल रंगाचं रक्त यांवर एक रुपया घालवू नका. गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर मुलांनी ते सगळं पाहिलेलं असतं. मूल घाबरतं ते पुढच्या पावलाला काय आहे हे कळत नाही म्हणून. तेव्हा आधी पक्का अंधार करायचा, आणि त्याचं सामान आपल्याकडे प्रत्येक घरात आहे: सोलापुरी चादर. जाड सुती वीण, दुहेरी घातली की उजेड जवळजवळ आत येत नाही. शेजारच्या पाच-सहा घरांतून मागून आणा, नायलॉनच्या दोरीवर टाका आणि वाट नागमोडी करा. काळं प्लास्टिक लावू नका, आत जीव कोंडतो. उन्हाळ्यात तर हा घाटच घालू नका; ४२ अंशांत चादरी लावलेली खोली म्हणजे भट्टी.

मुलं जिथे थांबतील तिथली ट्यूबलाइट मात्र चालू राहू द्या. उजेडातून आलेल्या डोळ्यांना अंधार पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात. तुमचा बोळ दोन मिनिटांत संपतो, त्यामुळे पोरांना जवळजवळ काहीच दिसत नाही.

आता स्पर्श. ओळखीच्या पावरलूमवाल्याकडून टाकाऊ सूत मागा, किलोभर सहज मिळतं. त्याचे हातभर लांब झुबके करायचे, पाण्यात बुडवून पिळायचे आणि मुलांच्या कपाळाच्या उंचीवर टांगायचे. गार, ओलसर, केसांसारखं काहीतरी गालावरून सरकतं. आमच्याकडे तेरा वर्षांची, स्वतःला मोठी समजणारी पोरंसुद्धा तिथून मागे पळाली. लहान-मोठ्यांसाठी दोन उंचीवर टांगा, नाहीतर सहा वर्षांचं पोर खालून सरळ निघून जातं.

आवाजासाठी हसणं-किंचाळणं डाउनलोड करत बसू नका. मी मागाचा खटखटाट मोबाइलवर रेकॉर्ड केला, निम्म्या वेगाने लावला आणि मोबाइल रिकाम्या पत्र्याच्या डब्यात ठेवला. डबा घुमतो, आवाज नक्की कुठून येतोय ते कळत नाही. मुलं बोळाच्या मध्यावर आली की आवाज एकदम बंद करायचा. माग बंद पडला की पूर्व भागातल्या माणसाला झोपेतून जाग येते. ती शांतताच पोरांना हलवते, त्या क्षणी त्यांनी एकमेकांचे हात घट्ट धरलेले मी पाहिलेत.

थोडी गंमत हवी असेल तर करडईच्या तेलात हळद कालवून जुन्या पुठ्ठ्यावर हाताचे ठसे उमटवा आणि त्यावर यूव्ही टॉर्च मारा. हळदीतलं कर्क्युमिन हिरवट-पिवळं चमकतं. टॉर्च मोठ्या माणसाच्याच हातात असू द्या, कुणाच्या डोळ्यांवर मारू नका.

सगळ्यात जबरदस्त वस्तू फुकटची आहे: आरसा. पाठीमागे झिरोचा बल्ब, समोर आरसा, आणि आपल्याच चेहऱ्याकडे एकटक मिनिटभर बघायचं. चेहरा बदलायला लागतो. जोव्हान्नी कापूटो या इटालियन मानसशास्त्रज्ञाने २०१० मध्ये याचा अभ्यास छापला. १० मिनिटं बघत बसलेल्या ५० जणांपैकी ६६ टक्क्यांना स्वतःचा चेहरा विद्रूप झालेला दिसला. पण हा प्रयोग दहा वर्षांखालच्या मुलांवर करू नका. पहिल्या वर्षी मी एका सात वर्षांच्या मुलीला आरशासमोर उभं केलं. ती रडली नाही, नुसती थिजली, आणि नंतर चार रात्री आईला सोडून झोपली नाही. ती चूक माझी होती. तेव्हापासून आत कायम एक मोठं माणूस असतं, आणि कुणीही ‘दिवा!’ म्हणालं की त्याच क्षणी दिवा लागतो. शेवटी सगळ्यांना उजेडात परत आत नेऊन सूत, डबा, हळद हाताळायला देतो. दुसऱ्या वर्षी तीच मुलगी हट्टाने झुबके भिजवायला बसली.

आगीच्या बाबतीत कसलीही सूट नको. पणती, मेणबत्ती, उदबत्ती, काहीही नको. ११ मे १९८४ रोजी अमेरिकेत न्यू जर्सीच्या एका अम्युझमेंट पार्कमधला भुताचा वाडा पेटला आणि ८ तरुण मुलं गेली. अंधारात वाट दिसावी म्हणून कुणीतरी लायटर पेटवला आणि भिंतीवरच्या फोमने पेट घेतला, असं सांगतात. तुमच्या भिंती सुती कापडाच्या असणार. बल्ब एलईडीचाच घ्या, चादरीपासून हातभर लांब ठेवा, बाहेर पडायच्या दारासमोर काही टांगू नका, आणि एका वेळी चारच मुलं आत सोडा.

चादरी आणतानाच प्रत्येकीच्या कोपऱ्याला ज्यांची चादर त्यांच्या नावाची चिठ्ठी सेफ्टी पिनने लावा. सगळ्या सारख्याच दिसतात. परत द्यायच्या आधी मात्र उन्हात घाला, ओल्या सुताचा वास बसलेला असतो.