पाइपची भिंत तापवली, तरी मध्यरेषेवर पाण्याचं तापमान वाढत का नाही?

सॉल्व्हरला (समीकरणं सोडवणाऱ्या प्रोग्रामला) हात लावू नका. तुम्ही दिलेल्या माहितीवरून तरी सिम्युलेशन बरोबर दिसतंय, फक्त आलेखासाठी निवडलेली मध्यरेषा चुकली आहे.

तुमचे आकडे असे: व्यास २० मिमी, लांबी २ मीटर, २० अंशांचं पाणी सेकंदाला ५ सेंमी वेगाने आत येतं, भिंतीवर चौरस मीटरला १००० वॅट उष्णता. रेनॉल्ड्स अंक (प्रवाह शांत की खळबळता हे सांगणारा आकडा) साधारण १०००, म्हणजे प्रवाह लॅमिनार, थराथराने शांत वाहणारा. यात पाणी आडवं ढवळलं जात नाही, त्यामुळे भिंतीची उष्णता एका थरातून दुसऱ्या थरात झिरपतच मध्यापर्यंत जाते. तापमानाचा आडवा आकार स्थिरावायला किती लांबी लागते, याचा अंदाज ०.०५ × रेनॉल्ड्स × प्रांड्टल × व्यास असा काढतात. पाण्याचा प्रांड्टल अंक (वेगातला फरक उष्णतेच्या मानाने किती लवकर पसरतो ते सांगणारा आकडा) ७ धरला तर उत्तर ७ मीटर. तुमचा पाइप २ मीटरवरच संपतो! मधल्या पाण्याला भिंत तापल्याची खबर लागायच्या आत ते बाहेर पडतं.

मग काढायचं काय? आधी कागदावर हिशोब करा. भिंतीचं क्षेत्रफळ ०.१२६ चौ.मी., म्हणजे एकूण १२६ वॅट. प्रवाह सेकंदाला ०.०१५७ किलो. यावरून आउटलेटला पाण्याचं सरासरी तापमान सुमारे १.९ अंशांनी वाढायला हवं, आणि पाइपच्या लांबीबरोबर ते सरळ रेषेत चढायला हवं.

पण ही सरासरी कुठली, तिथेच बहुतेक जण अडकतात. मीही अडकलो होतो. छेदावरची साधी क्षेत्रफळाची सरासरी घेतली, ती हिशोबापेक्षा जास्त आली, आणि दोन दिवस मेश (हिशोबासाठी पाण्याचे पाडलेले बारीक तुकडे) बदलत बसलो. भिंतीलगतचं पाणी गरम असतं पण जेमतेम सरकतं; क्षेत्रफळाची सरासरी त्यालाही मधल्या वेगवान पाण्याइतकंच वजन देते. बादलीत जमा करून ढवळलेल्या पाण्याचं तापमान हवं असेल तर वजन वेगाचं द्यावं लागतं.

पॅराव्ह्यूमध्ये (सिम्युलेशनचे निकाल पाहायच्या सॉफ्टवेअरमध्ये) पाइपला काटकोनात ‘स्लाइस’ घ्या, ‘कॅल्क्युलेटर’मध्ये तापमान गुणिले अक्षाच्या दिशेचा वेग असं नवं फील्ड बनवा, मग ‘इंटिग्रेट व्हेरिएबल्स’ चालवा आणि त्या फील्डच्या बेरजेला वेगाच्या बेरजेने भागा. दर २० सेंमीला एक असे दहा छेद पुरतात. उत्तर केल्विनमध्ये असेल तर २७३.१५ वजा करा.

त्याच आलेखावर भिंतीचं तापमानही काढा, खरी गंमत तिथे आहे. गुणधर्म स्थिर धरले तर आउटलेटजवळ भिंत साधारण २८ अंशांवर दिसायला हवी, पाण्याच्या सरासरीपेक्षा जवळपास ६ अंश वर. खूप कमी-जास्त आली तर भिंतीलगतचे सेल (मेशचे तुकडे) जाड आहेत का ते पाहा.

रंगीत चित्र द्यायचं असेल तर सगळ्या छेदांना २० ते २८ अंश ही एकच रंगपट्टी ठेवा. प्रत्येक छेदाची पट्टी आपोआप बदलू दिली तर इनलेटजवळचा छेदही तितकाच लालभडक दिसतो.

आणि पाइप आडवा असून गुरुत्व चालू केलं असेल, तर वरचे आकडे तसेच्या तसे लागू होणार नाहीत. गरम पाणी वर सरकतं, वरची भिंत खालच्यापेक्षा तापते. तेव्हा वरच्या आणि खालच्या भिंतीची रेषा वेगवेगळी काढा.