वाचकांचे प्रश्न : फोनच्या कॅमेऱ्याने अगदी जवळून फोटो काढताना

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. वर्गात दाखवण्यासाठी जास्वंदीच्या फुलातील परागकोश आणि कुक्षी यांचे फोटो काढायचे आहेत. माझ्या नव्या फोनचा कॅमेरा १०८ मेगापिक्सेलचा आहे, तरीही तो फुलाच्या जवळ नेला की चित्र धूसर होते. जुन्या, साध्या फोनवर असे होत नव्हते. नवा फोन सदोष आहे का? (एक शिक्षिका, सातारा)

उत्तर : आपला फोन सदोष नसावा. प्रत्येक भिंगाला एक किमान अंतर असते आणि त्याच्या आत आलेली वस्तू ते भिंग स्पष्ट दाखवूच शकत नाही. मेगापिक्सेलचा आकडा कितीही मोठा असला तरी या अंतरावर त्याचा काहीही परिणाम होत नाही.

याचे कारण समजून घेतले तर पुढचे बरेच त्रास वाचतात. वस्तू जवळ येऊ लागली की तिची प्रतिमा सेन्सरवर (भिंगामागच्या, प्रकाश टिपणाऱ्या चकतीवर) स्पष्ट पडावी म्हणून भिंगाला सेन्सरपासून थोडे पुढे सरकावे लागते. भिंगाचे नाभीय अंतर (दूरची वस्तू स्पष्ट दिसताना भिंग आणि सेन्सर यांच्यात असणारे अंतर) ६ मिलिमीटर धरले, तर १५ सेंटिमीटरवरच्या फुलासाठी भिंग पाव मिलिमीटर पुढे सरकले तरी पुरते. तेच फूल ५ सेंटिमीटरवर आणले तर त्याला सुमारे ०.८ मिलिमीटर, म्हणजे तिपटीहून अधिक सरकावे लागते. फोनच्या पातळ अंगात तेवढी जागा नसते. नव्या फोनांत मोठे सेन्सर आले, त्यांच्यासाठी नाभीय अंतरही वाढवावे लागले आणि परिणामी मुख्य कॅमेऱ्याचे किमान अंतर जुन्या फोनांपेक्षा वाढले. अंधारात चांगले फोटो देणारा नवा फोन फुलाजवळ मात्र जुन्यापेक्षा उणा ठरतो, त्याचे कारण हे आहे.

म्हणून पहिली सवय अशी लावून घ्यावी की, चित्र धूसर दिसले तर फोन पुढे न नेता मागे घ्यावा. जास्वंदीपासून वीतभर अंतरावर थांबा, पडद्यावर कुक्षीच्या जागी बोट थोडा वेळ दाबून धरा म्हणजे फोकस तेथेच कायम राहील, मग फोटो काढा आणि हवा तेवढाच भाग कापून घ्या. एरवी असे बहुतेक फोन शेजारशेजारचे नऊ पिक्सेल एकत्र करून १२ मेगापिक्सेलचाच फोटो साठवतात. परंतु भरपूर उजेडात पूर्ण १०८ मेगापिक्सेलची सोय सुरू केली, तर कापून घ्यायला बराच जास्त तपशील हाती राहतो. आपल्या मोठ्या आकड्याचा खरा उपयोग येथे आहे.

काही फोनांत निकटचित्रणासाठी वेगळी व्यवस्था असते. २०२१ साली आलेल्या आयफोन १३ प्रो मध्ये विस्तृत कोनाचा कॅमेरा २ सेंटिमीटरपर्यंत फोकस करू लागला आणि तशी सोय पुढे इतर फोनांतही आली. ती उत्तम आहे, पण इतक्या जवळ गेल्यावर फोनची स्वतःचीच सावली फुलावर पडते, म्हणून उजेड बाजूने येईल असे उभे राहावे. याउलट, अनेक स्वस्त फोनांच्या पाठीवर २ मेगापिक्सेलचा जो ‘मॅक्रो’ कॅमेरा असतो, त्यातील बहुतेकांचा फोकस ४ सेंटिमीटरच्या आसपास कायमचा बसवलेला असतो. मला स्वतःला तो वापरण्यापेक्षा मुख्य कॅमेऱ्याने लांबून फोटो काढून कापणे अधिक पसंत आहे.

आता जास्वंदीविषयी थोडे अधिक, कारण आपण निवडलेले उदाहरण फार शिकवणारे आहे. पाच मखमली कुक्षी टोकाला असतात आणि परागकोश त्यांच्या मागे पुंकेसरांच्या नळीभोवती दाटलेले असतात. समोरून फोटो घेतला तर कुक्षी स्पष्ट येतील आणि परागकोश पुसट होतील, कारण जवळच्या चित्रणात स्पष्टतेची खोली, म्हणजे मागेपुढे जेवढ्या पट्ट्यात वस्तू स्पष्ट दिसते ते अंतर, काही मिलिमीटरच उरते. फूल आडवे धरून ती नळी फोनच्या पाठीला समांतर ठेवली की दोन्ही एकाच पातळीत येतात आणि एकाच फोटोत स्पष्ट दिसतात. ही खोली विद्यार्थ्यांना दाखवायची असेल तर टेबलावर एक मोजपट्टी सपाट ठेवा, फोन तिरका धरून तिच्या ७ सेंटिमीटरच्या खुणेवर फोकस करा आणि मागेपुढे कितव्या रेघेपर्यंत खुणा वाचता येतात ते मुलांनाच मोजू द्या. हीच पट्टी फुलाशेजारी ठेवून एक फोटो काढला, तर परागकोश किती मोठा आहे हेही सांगता येईल.

प्रश्न : दीडशे रुपयांचे, चिमट्याने लावायचे भिंग विकत घेतले. त्याने कधी फोटो छान येतो, तर कधी भिंग लावले आहे असे जाणवतच नाही. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : बहुधा आपला फोन मधेच कॅमेरा बदलत असावा. पाठीवर दोन-तीन कॅमेरे असले की वस्तू जवळ आल्यावर किंवा झूम केल्यावर फोन न सांगता दुसऱ्या कॅमेऱ्यावर जातो आणि आपले भिंग पहिल्यावरच बसलेले राहते. प्रत्येक कॅमेरा एकेक करून बोटाने झाकून पाहा. ज्यावर बोट ठेवल्यावर पडदा काळा होतो तो चालू कॅमेरा. भिंग त्याच्या बरोबर मध्यावर बसवा आणि आपोआप कॅमेरा बदलण्याची सोय सेटिंगमध्ये बंद करता येत असेल तर करा. अशा भिंगांवर छापलेल्या ‘१५ एक्स’ वगैरे आकड्यांवर मी विश्वास ठेवत नाही. भिंगाची खरी ताकद डायऑप्टरमध्ये मोजतात : १० डायऑप्टरचे भिंग लावले आणि फोन एरवी १५ सेंटिमीटरपर्यंत पाहू शकत असेल, तर तो आता साधारण ६ ते १० सेंटिमीटरच्या पट्ट्यातच स्पष्ट पाहील, त्याच्या अलीकडेही नाही आणि पलीकडेही नाही. त्या पट्ट्यात फोन सावकाश मागेपुढे करत राहणे हेच येथे फोकस करणे होय.

प्रश्न : आजोबांकडून आलेली तांब्याची तीन-चार शिवराई नाणी घरी आहेत. फोटोत नुसता तपकिरी गोल दिसतो, अक्षरे उमटत नाहीत. आधी चिंचेने घासून घ्यावीत का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : कृपया घासू नका. देवघरातील तांब्याला चिंच चालते, परंतु जुन्या नाण्यावरचा काळसर थर त्याच्या वयाचा भाग असतो आणि आम्लाने तो गेला की परत येत नाही. झिजलेल्या अक्षरांचे उरलेसुरले उठावही त्याबरोबर कमी होतात.

अक्षरे दिसत नाहीत याचे कारण उजेडाच्या दिशेत आहे. फोनचा फ्लॅश समोरून पडतो, त्यामुळे उठावाची सावलीच तयार होत नाही. फ्लॅश बंद करा, खोलीतील दिवे मालवा आणि एकच विजेरी टेबलाच्या जवळपास पातळीवर, नाण्याच्या एका बाजूला ठेवा. उजेड असा सरपटत आला की ‘श्री राजा शिव’ मधील काना आणि वेलांटी आपापल्या बारीक सावल्यांसह उभ्या राहतात. विजेरी घड्याळाच्या काट्याप्रमाणे थोडी थोडी फिरवून सात-आठ फोटो घ्या, कारण एका दिशेने न दिसणारे अक्षर दुसरीने दिसते. मागच्या ‘छत्रपति’च्या बाजूसही तसेच करा. सावली फार गडद वाटली तर समोरच्या बाजूस पांढरा कागद उभा धरावा. फोन हातात न धरता पुस्तकांच्या दोन थप्प्यांवर आडवा ठेवून दोन सेकंदांच्या टायमरने फोटो घेतला, तर बोटाच्या धक्क्याने होणारा कंपही टळतो.

प्रश्न : गॅलरीतल्या कढीपत्त्यावर सुरवंट आले आहेत. वाऱ्याने पान हलते आणि एकही फोटो धड येत नाही. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : पहाटे प्रयत्न करा. त्या वेळी वारा पडलेला असतो आणि गारव्यामुळे कीटकही संथ असतात. कुंडी उचलून भिंतीच्या आडोशाला ठेवा, फांदीला एक काडी बांधून आधार द्या, फोकस एकदा कायम करा आणि पान झुलत असताना ओळीने दहा-वीस फोटो घ्या. त्यातला एखादा नेमका साधतो.

लिंबाच्या कुळातील झाडांवर वाढणाऱ्या या सुरवंटांचे रूप पाहण्यासारखे असते. लहानपणी ते पक्ष्याच्या विष्ठेसारखे दिसतात आणि शेवटच्या अवस्थेत हिरवेगार होतात, म्हणून रोज एकाच अंतरावरून एक फोटो काढत राहिलात तर सुंदर मालिका तयार होईल. २०१५ साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू ठरलेल्या नीलवंताचे सुरवंटही याच कुळातील झाडांवर वाढतात. डिवचल्यावर सुरवंट डोक्यामागून उग्र वासाचा दुभंगलेला अवयव बाहेर काढतो; तो फोटोत यावा म्हणून त्याला काडी टोचू नये, आणि जो कात टाकण्यासाठी निश्चल बसला आहे त्याला जागेवरून हलवूही नये.

प्रश्न : भिंगावर पाण्याचा थेंब ठेवून मॅक्रो फोटो निघतो असे ऐकले. खरे आहे का? (एक विद्यार्थी, लातूर)

उत्तर : खरे आहे, थेंबाचा फुगीर पृष्ठभाग बाह्यगोल भिंगाचेच काम करतो. पण थेंब फोनच्या काचेवर ठेवू नका. स्वच्छ, पारदर्शक प्लॅस्टिकच्या तुकड्यावर ठेवा, तो तुकडा कॅमेऱ्यापुढे आडवा धरा आणि कॅमेरा वरच्या बाजूस येईल असा फोन ठेवून वस्तू वरून हळूहळू खाली आणा. कडा अस्पष्टच येतील, मधला भाग पाहा. कांद्याच्या पातळ पापुद्र्यापासून सुरुवात करावी.