भात कापल्यावर टिलर कशाला?

प्रश्न : भात कापलं की आम्ही मळ्यात वाल टोकतो. यंदा मुलगा म्हणतो, आधी पॉवर टिलरने दोनदा नांगरू, माती भुसभुशीत झाली की ओल टिकेल. सासरे म्हणतात, नांगरलंस तर ओल उडून जाईल. कोणाचं ऐकू?
– एक शेतकरी भगिनी, तालुका गुहागर

उत्तर : ताई, सासऱ्यांचं ऐका. मुलाचं म्हणणं पाऊस तोंडावर असताना ठीक आहे, तेव्हा पाणी मुरवायचं असतं. आता वरून थेंब येणार नाही, मळ्यात आहे तीच ओल वालाला शेंगा भरेपर्यंत पुरवायची. नांगराने खालची ओली माती उलटून वर येते आणि उन्हावाऱ्याच्या तोंडी जाते. त्यात मळ्याची माती चिखलणी केलेली. ती टिलरखाली भुसभुशीत कसली होते, ढेकळं निघतात, आणि त्यांच्या फटींतून पहाटेचा, जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा कोरडा मतलई वारा आतपर्यंत शिरतो. माती हलवलीच नाही तर वरचा पापुद्रा लवकर सुकतो. तो सुकला की खालून केशाकर्षणाने चढणारं पाणी वरपर्यंत पोचत नाही, बाष्पीभवन मंदावतं.

मुलगा देशावरची ‘एक कोळपणी, अर्धं पाणी’ ही म्हण पुढे करील. ती खरी आहे, पण ती वरवरच्या कोळपणीची, नांगरटीची नव्हे. वाल उगवल्यावर मळ्याला भेगा पडू लागल्या की ओळींमधून खुरप्याने बोटभर माती हलवा. भेगा बुजतात, तणही निघतं. तण ओल पितं ते वेगळंच.

कापणी होताच धसकटं उभी ठेवून टोका. बोटभर खालची माती मुठीत दाबून गोळा होत असेल, तर एक दिवसही थांबू नका. वर आच्छादन हवं. पेंढा गुरांना लागतो, म्हणून पातेरा, म्हणजे झाडांचा वाळका पाला पसरा. तो तुम्ही भाजावळीसाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला राखता हे ठाऊक आहे, पण माझ्या मते जाळण्यापेक्षा इथे त्याचा उपयोग जास्त. वाळवीवर मात्र नजर ठेवा.

मुलाला पटत नसेल तर नेरळजवळ चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेलं सगुणा राईस तंत्र बघून येऊ द्या. तिथे गादीवाफे एकदाच करतात, मग नांगरणी नाही, चिखलणी नाही, पिकाची मुळंही जमिनीतच ठेवतात.

टिलरच्या भाड्याचे पैसे वाचतील, ते कुंपणाला लावा. भात निघालं की गावची गुरं मोकाट सुटतात, आणि सुक्या धसकटांत हिरवा वाल त्यांना लांबूनही दिसतो.