प्रोजेक्ट तीन दिवस उशिरा दिला म्हणून मार्क कापले, काय करू?

प्रश्न : ताई, मी बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, भूगोल विषय. गावच्या आठवडी बाजाराचा सर्व्हे असा 20 मार्कांचा प्रोजेक्ट होता, शेवटची तारीख 12 होती पण 10 लाच बाबांना मिरजेला ॲडमिट केलं, मी तिथेच होतो. सरांना फोन केला तर म्हणाले ठीक आहे, आल्यावर दे. 15 ला दिला. आता इंटर्नलच्या यादीत मला 7 आणि माझ्यासोबत बाजारात फिरून सर्व्हे केलेल्या मित्राला 16. सर म्हणतात उशीर झाला म्हणून कापले. वर्गाच्या ग्रुपवर फक्त तारीख होती, मार्क कापणार असं कुठेच नव्हतं. तक्रार केली तर पुढच्या सेमिस्टरला त्रास होईल का?
– एक विद्यार्थी, सांगली जिल्हा

उत्तर : अरे, आधी एक सांगते, मित्राचे 16 मध्ये आणू नकोस, त्याचा प्रोजेक्ट वेगळा तुझा वेगळा, त्यावर वाद घातलास की सर म्हणणार त्याचं काम चांगलं होतं आणि विषय तिथेच संपला. तुझी खरी बाजू ही आहे की मार्क कामाचे नाही, उशिराचे कापले असं सर स्वतः म्हणतायत. मग विचारायचं एवढंच की सर, प्रोजेक्टला मूळ किती मार्क होते, उशिराचे किती गेले आणि ते कुठल्या नियमाने? असा नियम आधी सांगितलेला नसेल तर 20 पैकी डझनभर मार्क जाणं मला तरी अजिबात पटत नाही. दोन-तीन कापले असते तर मी तुला गप्प बस म्हटलं असतं.

आणि हे लवकर कर. इंटर्नलचे मार्क एकदा युनिव्हर्सिटीकडे गेले की दुरुस्ती फार किचकट होते, त्याआधी कॉलेजमध्येच बदलणं सोपं असतं. आधी सरांना स्टाफरूममध्ये एकटं गाठून नीट बोल, वर्गात सगळ्यांसमोर नको. नाही जमलं तर विभागप्रमुखांना अर्ज दे आणि प्राचार्यांना त्याची प्रत. अर्ज एका पानाचा, त्यात सरांबद्दल एकही वाकडा शब्द नको, फक्त तारखा: 10 ला ॲडमिट, त्या दिवशी इतक्या वाजता फोन, 15 ला प्रोजेक्ट जमा, सोबत डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स, फोनच्या कॉल लिस्टचा आणि ग्रुपवरच्या मेसेजचा स्क्रीनशॉट. ऑफिसात इनवर्डला देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घे, ही पोच नसेल तर महिन्याभराने तुझा अर्ज आलाच नाही म्हणतील, मी हे खूप मुलांच्या बाबतीत बघितलंय.

तरीही कुणी दाद दिली नाही तर यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, 2023 चे विद्यार्थी तक्रार निवारणाचे नियम आहेत, त्यानुसार कॉलेजमध्ये तक्रार निवारण समिती असायला हवी, तिने शक्यतो 15 कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि निर्णय मान्य नसेल तर 15 दिवसांत युनिव्हर्सिटीच्या लोकपालाकडे (विद्यार्थ्यांच्या तक्रारी ऐकायला नेमलेली व्यक्ती) अपील करता येतं. पण लोकपाल नुसतं मार्क वाढवा म्हटलं म्हणून फेरतपासणीच्या भानगडीत पडत नाहीत, निकालावर परिणाम झालेली ठोस अनियमितता किंवा भेदभाव दाखवावा लागतो. म्हणून तर मी तुला नियम विचार, नियम विचार म्हणतेय. न सांगितलेल्या नियमाने मार्क जाणं ही अनियमितता, मला कमी पडले ही नव्हे.

कॉलेज सरकारी किंवा अनुदानित असेल तर मार्कांची नोंद माहिती अधिकारात 10 रुपये भरून मागता येते, उत्तर साधारण 30 दिवसांत यायला हवं. पण तो मार्ग शेवटी ठेव.

पुढच्या सेमिस्टरची भीती मला कळते, खोटं कशाला सांगू, काही जण मनात ठेवतात. पण लेखी, सभ्य आणि तारखांसकट केलेल्या अर्जावर डूख धरणं सोपं नसतं कारण कागद प्राचार्यांकडेही असतो. ग्रुपवर मात्र सरांबद्दल एक अक्षर लिहू नकोस. आणि तीन दिवस उशीर झाला हे अर्जात स्वतःहून मान्य कर, फोन केला त्याच दिवशी लेखी मेसेजही टाकायला हवा होता.

सोमवारी सकाळी जा, आणि बाबांची तब्येत आता कशी आहे तेही कळव.